आवाज तिचा, बॉक्स कुणाचे?

माझ्या काकांचा इचलकरंजीत मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, काहीही असो, टेम्पो आमच्याच दारातून भरून जायचा. धाकट्या चुलतभावाला नवव्या वर्षी वायर गुंडाळायला बसवलं. कोपर आणि अंगठ्यावरून नुसती गरागरा गुंडाळली की वायरला पीळ पडतो आणि आतली तार तुटते. म्हणून एक वेढा सरळ, एक उलटा घ्यायचा. काकांनी त्याचा हात हातात धरून हे शिकवलं. मी शेजारी पावत्या लिहीत बसलेली असायचे. बघून बघून मलाही ते यायला लागलं होतं. एकदा मी वायर उचलली, तर काका म्हणाले, "राहू दे गं, हात काळे होतील." त्यांच्या बोलण्यात मायाच होती, आणि ती माया मी आजही नाकारत नाही. भाऊ चौदाव्या वर्षी खांबावर चढून भोंगे बांधायला लागला, सतराव्या वर्षी मिक्सरवर बसला. आज धंदा त्याचा आहे. नऊ वर्षांच्या हिशेबाच्या वह्या माझ्या अक्षरात आहेत.

पुढं नोकरीसाठी काही वर्षं लंडनला होते. ऑगस्टच्या शेवटी तिथं नॉटिंग हिलचा कार्निव्हल, म्हणजे कॅरिबियन लोकांचा रस्त्यावरचा उत्सव, भरतो. एका गल्लीच्या तोंडाशी रेगेची, म्हणजे जमैकाच्या संगीताची, साउंड सिस्टिम लावलेली मी तिथं पहिल्यांदा पाहिली. माणसाहून उंच बॉक्सची भिंत, खाली अठरा इंची स्पीकरचे बेस, वर टॉप. बेस सुरू झाला की आधी तो बरगड्यांना कळायचा आणि मग कानाला. सगळे नाचत होते आणि मी भिंतीच्या मागे जाऊन वायरी बघत होते. एक मुलगा वायर गुंडाळत होता, एक वेढा सरळ, एक उलटा. माइकवर एक बाई होती, तिचा आवाज तर अख्ख्या गल्लीवर राज्य करत होता. पण बॉक्स, आवाज वाढवणारा अँप, त्याआधी आवाजाला वळण देणारा प्रीअँप, रेकॉर्डच्या पेट्या, ट्रक, यातल्या एकाही वस्तूला त्या दिवशी मला बाईचा हात लागलेला दिसला नाही.

साउंड सिस्टिमच्या जगात बायका कमी का, हा प्रश्न आता बराच विचारला जातो, आणि त्यावर एक उपायही ठरून गेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत दोन बायकांची नावं घाला, प्रश्न सुटला. मला हा उपाय पटत नाही. रेगेत बाईच्या आवाजाची वानवा कधीच नव्हती. ज्या यंत्रातून तो आवाज बाहेर पडतो ते यंत्र, ते जोडण्याची विद्या, आणि त्या आवाजाचा पैसा कुणाकडे जातो हे सांगणारा कागद, या तीन गोष्टींपासून तिला दूर ठेवलं गेलं. भांडायचं असेल तर या तीन गोष्टींवरून भांडायला हवं.

साउंड सिस्टिम म्हणजे नुसता मोठा स्पीकर असं आपल्याकडे वाटू शकतं. पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, त्याच्याशी तिचं रूप जुळतं, पण काम वेगळं आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी आणि १९५०च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ती उभी राहिली. वाद्यवृंद बोलावणं परवडत नव्हतं आणि रेडिओवर आपल्या मनासारखं काही लागत नव्हतं, म्हणून लोक अंगणात बॉक्स लावून अमेरिकन रेकॉर्डवर नाचू लागले. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड ही त्या काळातली मोठी नावं. एकमेकांवर मात करण्यासाठी त्यांनी स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढं स्का, रॉकस्टेडी आणि रेगे आले. म्हणजे रेगे जन्मण्याआधीच त्याचा बॉक्स तयार होता.

या सगळ्याची रचना आपल्या तालमीसारखी. सिलेक्टर रेकॉर्ड निवडतो, ऑपरेटर आवाजाचं तंत्र सांभाळतो, आणि माइकवर तालात बोलतो त्याला जमैकात डीजे म्हणतात. (आपण रेकॉर्ड लावणाऱ्याला डीजे म्हणतो, तिथं बोलणाऱ्याला.) आणि सगळ्यात खाली असतात बॉक्स वाहणारी पोरं. ती ट्रकमध्ये मालाबरोबर बसून जातात, बॉक्स उतरवतात, वायरी ओढतात, रात्रभर अँपजवळ पेंगतात. कुठल्या वायरीला खरखर येते, पाऊस आला की काय आधी झाकायचं, कुठल्या अंगणात बेस घुमतो, हे त्यांना कुणी वेगळं शिकवत नाही. ते अंगात मुरतं. दहा वर्षांनी त्यातलाच एक प्रीअँपवर बसतो, आणखी दहा वर्षांनी एखादा मालक होतो. या शिडीची पहिली पायरी म्हणजे बॉक्सला हात लावणं. बाईला थांबवलं जातं ते तिथंच, आणि तेही बहुधा प्रेमाने, "राहू दे" म्हणून.

इथं इतिहासातली एक जागा मला फार जवळची वाटते. कॉक्सन डॉड नव्या रेकॉर्ड शोधायला अमेरिकेला जायचा, तेव्हा त्याची साउंड सिस्टिम कोण चालवायचं? त्याची आई, डोरिस डार्लिंग्टन. प्रतिस्पर्धी टपून बसलेले असताना ती रेकॉर्ड लावायची आणि गर्दी धरून ठेवायची. आज डॉडच्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओचा इतिहास सांगताना डॉडचं नाव येतं, ते यावंच. पण डोरिसबाईंचा उल्लेख बहुतेक वेळा मुलाला हातभार लावणारी आई इतकाच होतो. जे काम मुलानं केलं की त्याला सिलेक्टर म्हणतात, तेच आईनं केलं की हातभार?

दुकानाच्या गल्ल्यामागे तर बायका होत्याच. किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर १७ नंबरला रँडीज रेकॉर्ड मार्ट होतं. तिथं गल्ल्यावर पॅट्रिशिया चिन बसायच्या. त्यांच्या घराण्यात चिनी आणि भारतीय असे दोन्ही धागे आहेत. १८४५पासून मजूर म्हणून जमैकाला नेलेल्या हिंदुस्थानी माणसांची ती लांबवर पोचलेली एक खूण. कुठली रेकॉर्ड खपेल आणि कुठली पडून राहील, हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून त्यांना कळायचं. १९७९ साली नवरा व्हिन्सेंटबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये व्हीपी रेकॉर्ड्स काढली. आज ती रेगेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. नावातला 'पी' पॅट्रिशियाचा. सोनिया पॉटिंजर तर त्याच्याही पुढं गेल्या. १९६०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी रेकॉर्डचं दुकान टाकलं, मग स्वतः निर्मात्या झाल्या, आणि ड्यूक रीडनंतर त्याच्या ट्रेझर आयल या रेकॉर्ड कंपनीचा संग्रहही त्यांच्याकडे आला. म्हणजे बाईला धंदा जमत नाही, आवाजाची पारख जमत नाही, असं म्हणायला इतिहासात काही आधारच नाही. गल्ला तिला दिला गेला, कारण गल्ला दुकानात असतो आणि दुकान घरासारखं वाटतं. बॉक्स मात्र रस्त्यावर असतात, रात्री असतात.

आता कागदाकडे येते, कारण ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो भाग हाच आहे.

ऑफ्लिन रसेल ही १९६२ची, किंग्स्टनमधली, मोठ्या कुटुंबातली मुलगी. भाऊ ब्रिगेडियर जेरी हा नावाजलेला डीजे. त्याच्या पावलावर पाऊल टाकून ती शाळकरी वयातच माइककडे वळली. त्या काळी साउंडवर, म्हणजे साउंड सिस्टिमवर, माइक हातात मिळवणं म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या दहा पुरुषांच्या हातांमधून तो काढून घेणं. तिनं तो घेतला. सिस्टर नॅन्सी या नावानं १९८२मध्ये तिचा 'वन, टू' हा अल्बम आला. एक गाणं कमी पडत होतं म्हणून शेवटी 'बॅम बॅम' झालं. 'स्टॅलॅग' नावाची आधीच गाजलेली चाल होती, तिच्यावर ती बोलत गेली. आपण बाई आहोत आणि माइकवर बोलणं हीच आपली आकांक्षा आहे, असं ती त्यात स्पष्ट सांगते.

ते गाणं जगभर गेलं. सिनेमात वाजलं, जाहिरातीत वाजलं, दुसऱ्यांच्या गाण्यांत तुकड्यातुकड्यानं वापरलं गेलं. आणि नॅन्सी? १९९६मध्ये ती अमेरिकेला गेली आणि न्यू जर्सीत एका बँकेत हिशेबाचं काम करू लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब. स्वतःच्या गाण्याचे पैसे तिला तब्बल ३२ वर्षं मिळाले नाहीत. २०१४मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत स्वतःचा आवाज ऐकल्यावर तिनं वकील गाठला, तेव्हा कुठं गाण्याच्या हक्कात तिला वाटा मिळाला. मग नोकरी सोडून ती पुन्हा गायला निघाली.

पुरुष कलाकारांचंही त्या काळात असंच झालं, करारबिरार कुणी करत नव्हतं, असं यावर उत्तर येतं. खरं आहे. जमैकाच्या संगीतात हक्क न मिळालेल्या पुरुषांची यादी लांब आहे. पण जो पुरुष साउंडबरोबर वाढला त्याला निदान रोजची दुसरी वाट होती. तो बॉक्स जोडू शकत होता, स्वतःचा छोटा सेट उभारू शकत होता, रेकॉर्ड लावून रात्रीचे पैसे घेऊ शकत होता. ज्या बाईला फक्त आवाजापुरती जागा मिळाली, तिचा आवाज कुणी नेला की तिच्याकडे काही उरत नाही. म्हणून यंत्र आणि कागद हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटत नाही.

लंडनमध्येही काही वेगळं घडलं नाही. १९७०च्या दशकात दक्षिण लंडनच्या काळ्या वस्त्यांत लव्हर्स रॉक नावाचा रेगे आला. गोड, विरहाचा, घरातल्या बैठकीच्या खोलीत अंगाला अंग लावून नाचायचा. त्या काळात क्लब काळ्या माणसांना दारातूनच परतवायचे, म्हणून लोक घराघरांत बॉक्स लावून रात्र काढायचे. लुइसा मार्क १९७५मध्ये 'कॉट यू इन अ लाय' गायली तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. जॅनेट केचं 'सिली गेम्स' १९७९मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. या प्रकाराला ओळख दिली ती मुलींच्या आवाजांनी. पण लुइसाचं गाणं काढणारा लॉइड कॉक्सन (हा डॉड नव्हे), जॅनेटचं गाणं रचणारा डेनिस बोव्हेल, हे दोघेही साउंड सिस्टिमवाले. त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला आदरच आहे, बोव्हेल तर विलक्षण माणूस. प्रश्न इतकाच की त्या मुलींपैकी कुणाला 'हे बटण फिरवून बघ' असं कुणी म्हटलं होतं का?

बॉक्स जड असतात म्हणे. हे कारण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देताना मला राग आवरावा लागतो. ज्या देशात बाया डोक्यावर विटांची घमेली घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढतात, त्या देशातल्या माणसाला तरी हे म्हणता येऊ नये. बेसचा बॉक्स एकटा पुरुषसुद्धा उचलत नाही. दोघं धरतात, खाली चाकं असतात, फळी लावून ढकलतात. आणि रात्रीचं म्हणाल, तर किंग्स्टनच्या डान्सबाहेर रात्रभर चुलीशी उभं राहून खाणं विकणाऱ्या बायका पहिल्यापासून आहेत. त्यांनी शिजवलेल्या मटण करीचा मसाला हिंदुस्थानी मजुरांबरोबर तिथं गेला, हे जाता जाता सांगते. त्या पहाटे एकट्या घरी जायच्या. त्यांच्या सुरक्षिततेची काळजी कुणी केली? रात्र बाईसाठी धोक्याची आहे हे मी मान्य करते. लंडनमध्ये शेवटच्या बसची वाट बघताना मुठीत किल्ली धरून मीही उभी राहिले आहे. पण त्यावर उपाय म्हणजे उजेड, गाडीची सोय, आणि त्रास देणाऱ्याला बाहेर काढायची आयोजकाची हिंमत. बाईला घरी बसवणं हा उपाय नव्हे.

अश्लीलतेचा मुद्दाही दरवेळी बाईच्याच माथी मारला जातो. जमैकाची डीजे मॅरियन हॉल, म्हणजे लेडी सॉ, पुरुष डीजे वर्षानुवर्षं जे बोलत आले तेच बाईच्या बाजूनं बोलू लागली, तेव्हा तिच्यावर गदारोळ झाला. तिची काही गाणी मलाही ऐकवत नाहीत. तशी पुरुषांचीही ऐकवत नाहीत. माप एकच असेल तर माझी तक्रार नाही.

रास्ताफारींबद्दल, म्हणजे जमैकात उभ्या राहिलेल्या एका धार्मिक पंथाबद्दल, लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण गुलामीतून आलेल्या माणसांना ताठ उभं राहायला शिकवणारा तो पंथ आहे आणि रूट्स रेगेचा आत्मा तिथं आहे. तिथं बाईला 'क्वीन' म्हणतात, 'एम्प्रेस' म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण त्याच पंथात बाईनं डोकं झाकावं, पाळीच्या दिवसांत दूर राहावं, चर्चेत पुरुषांमागून बोलावं, असे दंडकही बरेच ठिकाणी पाळले गेले. आपल्याला हे नवीन नाही. घरची लक्ष्मी म्हणायचं आणि तिजोरीची किल्ली मात्र आपल्याच कनवटीला लावायची. गायिका ज्यूडी मोवाटनं १९७९मध्ये 'ब्लॅक वुमन' हा अल्बम काढला आणि त्याची निर्मितीही स्वतःकडे ठेवली. ती स्वतः रास्ताफारी होती. पंथाच्या आत राहूनही बाई किल्ली मागू शकते हे तिनं दाखवलं.

बदल होतो आहे, हे दिसतंच. १९८५मध्ये लिनेट कमाला पंधराव्या वर्षी नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये साउंडवर रेकॉर्ड लावत होती. त्याच दशकात लंडनमध्ये डीजे आदे आणि ज्यूनी रँकिन या दोघींनी 'न्झिंगा साउंड्झ' उभी केली. नाव घेतलं ते पोर्तुगिजांशी लढलेल्या अंगोलाच्या राणीचं. ती साउंड अनेक दशकं टिकली. २०१६मध्ये साओ पाउलोत 'फेमिनिन हाय-फाय' ही बायकांनी चालवलेली साउंड सुरू झाली. २०२०मध्ये जमैकाच्या कॉफी या एकोणीस वर्षांच्या मुलीला रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं. १९८५पासून दिल्या जाणाऱ्या त्या पुरस्कारात बाईनं स्वतःच्या एकटीच्या नावावर तो घेण्याची ही पहिलीच वेळ. कॉफीचा मला मनापासून आनंद झाला. पण पुरस्कार पुन्हा आवाजालाच मिळाला आहे, हे मी विसरणार नाही. बॉक्सच्या मागे काय चाललं आहे हे मला न्झिंगाकडे आणि साओ पाउलोकडे बघून जास्त कळतं.

फक्त बायकांच्या साउंड, फक्त बायकांच्या रात्री, याला माझा पूर्वी विरोध होता. लोकलच्या लेडीज डब्यासारखं वाटायचं. आम्हाला डबा नको, गाडी हवी, असं मी तावातावानं म्हणायचे. आता माझं मत बदललं आहे. लंडनला एका कार्यशाळेत फक्त मुली होत्या. बत्तीस-तेहतीस वर्षांची एक बाई प्रीअँप समोर ठेवून दाखवत होती: बेस पूर्ण काढून टाक, लोकांना क्षणभर पोकळीत उभं कर, मग एकदम सोड. प्रत्येकीनं ते करून बघितलं. एकीनं इतक्या जोरात सोडला की अँपचा दिवा लाल झाला आणि सगळं बंद पडलं. कुणी हसलं नाही. कुणी "सरक, मी बघतो" म्हटलं नाही. तिनं पाच मिनिटं घेऊन स्वतः सुरू केलं. चुकायला मिळणं ही शिकण्यातली सगळ्यात महागडी सवलत आहे, आणि ती मुलांना फुकट मिळते. मुलींना ती मिळण्यासाठी काही काळ डबा वेगळा लागत असेल तर लागू दे.

आपल्याकडेही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. दिल्लीत २००९मध्ये रेगे राजाज ही साउंड मंडळी जमली, त्यांच्या पुढाकारानं २०१६पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरू लागला. दिल्लीतच 'बास फाउंडेशन रूट्स' ही साउंड उभी राहिली. द स्का व्हेंजर्स या दिल्लीच्या बँडमधल्या बेगम एक्सचा, म्हणजे समारा चोप्राचा आवाज ज्यानं प्रत्यक्ष ऐकला आहे, तो भारतात या संगीतात बाई नाही असं म्हणणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी गोव्यातच एका छोट्या कार्यक्रमाच्या आधी मी दुपारी जाऊन बसले होते. टेम्पो आला. एक विशीतली मुलगी हातमोजे घालून तयारीनं आली होती, म्हणजे ती हौशी नव्हती. तिनं बॉक्सला हात घातला आणि दोन मुलं धावत आली. "अगं, तू राहू दे." ती बाजूला झाली. अर्ध्या तासानं मी बघितलं तर ती दारावर मनगटाला कागदी पट्ट्या बांधत होती. हातमोजे मागच्या खिशात.

मुलं वाईट नव्हती. म्हणून तर मला बोलायचं आहे ते आयोजकांशी. पत्रिकेवर गाणाऱ्यांची नावं छापता, तशी ऑपरेटरची आणि बॉक्स लावणाऱ्यांचीही छापा, म्हणजे मागे कोण आहे आणि कोण नाही हे लोकांना दिसेल. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सेट जोडायला चार मुली घ्या आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या, 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवू नका. जी माइकवर येईल तिच्याशी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा. ध्वनिमुद्रण झालं तर ते कुणाचं, हे त्याच दोन ओळींत येऊ दे. यातलं काहीच खर्चिक नाही.

भावाची मुलगी आता दहा वर्षांची आहे. दिवाळीला इचलकरंजीला गेले होते तेव्हा ती दुकानात पावत्या लिहीत बसली होती, अक्षर सुरेख आहे. मी भावाला म्हटलं, तिला वायर गुंडाळायला शिकव, तुला शिकवलं होतं तसं हात धरून. तो म्हणाला, "बघू की." मी दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारते.